चीनची ओळख : खानदेशातील व्याख्यानमंडळांस एक सूचना

दिवाळीची गडबड ओसरली, कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दारात उभ्या राहू लागल्या आणि रात्री अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटू लागले, म्हणजे जळगाव व धुळे येथील वाचनालये आणि व्याख्यानमंडळे यांच्या चालकांस व्याख्यानांच्या हंगामाची आठवण होते. वक्त्यांस पत्रे जातात, सभागृह ठरते आणि पहिल्या पुष्पापासून शेवटच्या पुष्पापर्यंतची यादी छापली जाते. ह्या याद्यांत शिवचरित्र असते, संतवाङ्मय असते आणि अलीकडे यशस्वी कसे व्हावे ह्याचे उपदेशही पुष्कळ असतात. त्यांपैकी कोणत्याही विषयाविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. परंतु ज्या एका देशाचे नाव आमच्या बाजारपेठेत दिवसातून दहा वेळा निघते, त्या देशाविषयी मात्र ह्या व्यासपीठांवरून क्वचितच कोणी काही सांगतो. तो देश चीन होय. म्हणून एका हंगामातील सहा पुष्पे ह्या एकाच देशाच्या संस्कृतीस वाहावीत, अशी सूचना आम्ही ह्या लेखाने करीत आहोत.

सूचना वाचताच कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. ज्या देशाने १९६२ साली आपल्यावर स्वारी केली, ज्याच्या सैन्याशी झुंजताना १५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले, त्याची संस्कृती आम्ही काय म्हणून ऐकावी, असा प्रश्न येईल. प्रश्न रास्त आहे व त्यास आडवळणाचे उत्तर देणे योग्य नव्हे. आमचे उत्तर असे की, एखाद्याची माहिती करून घेणे म्हणजे त्यास मुजरा करणे नव्हे. मित्र असेल तर ओळख वाढवावी आणि वैरी असेल तर दुप्पट वाढवावी, इतका व्यवहार पेढीवर बसणाऱ्या कोणासही शिकवावा लागत नाही. उधारीवर माल देण्यापूर्वी जो मनुष्य गिऱ्हाइकाची पत, घराणे आणि जुने व्यवहार विचारून घेतो, तोच मनुष्य सुमारे एकशेचाळीस कोटींच्या देशाविषयी ऐकीव गोष्टींवर समाधान मानतो, हे आम्हांस विपरीत वाटते.

आमचे अज्ञान किती आहे ते पाहा. रस्त्यावरील ‘चायनीज’च्या गाडीवर मंचुरियन खाऊन चीनची चव घेतली असे आमची तरुण मंडळी समजतात, परंतु तो पदार्थ मुंबईत जन्मास आलेला आहे. उलट सकाळी उठल्याबरोबर जो चहा आम्ही पितो त्याचे नाव चीनचेच, हे आमच्या ध्यानात नसते. लोणच्याची बरणी चिनी मातीची, कालिदासाच्या नाटकातील रेशमी वस्त्र चीनांशुक. देणेही एकतर्फी नव्हते. उसाच्या रसापासून उत्तम साखर करण्याची रीत शिकण्यासाठी सातव्या शतकात तांग सम्राटाने मगधास माणसे धाडली होती, असे चिनी इतिहासकारांनीच लिहून ठेवले आहे. दोन हजार वर्षांचा हा देवघेवीचा जमाखर्च आहे. त्यात १९६२ हे पान आहे व ते फाडून टाकता येणार नाही. पण एका पानावरून सगळी वही वाचली असे म्हणणेही बरोबर नाही.

आता ही सहा पुष्पे कोणती असावीत ते सांगतो. प्रत्येकाचे बीज आम्ही खानदेशच्या मातीतून किंवा आपल्या महाराष्ट्रातून घेतले आहे. परक्या देशाचा विषय श्रोत्यांच्या गळी उतरवावयाचा तर त्याचे एक टोक त्यांच्या अंगणात असावे लागते.

पहिले पुष्प कागदाचे. एरंडोल हे गाव एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते. जाड, खडबडीत, पण टिकाऊ असा देशी कागद तेथे होत असे, आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांस असाच कागद लागे. हा कागद आला कोठून? इ. स. १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, चिंध्या व जुनी जाळी ह्यांपासून कागद करण्याची सुधारलेली रीत आपल्या सम्राटापुढे मांडली, असे चिनी इतिहास सांगतो. आठव्या शतकात ही विद्या समरकंदास पोचली, तेथून अरबांकडे गेली आणि मुसलमानी अमदानीत आमच्याकडे रुजली. ‘कागद’ हा शब्दही फारसीच्या वाटेने आला. सन ८६८ मध्ये चीनमध्ये छापलेले एक पुस्तक आज लंडनमध्ये आहे. ज्यावर छपाईची तारीख आहे अशा उपलब्ध पुस्तकांत ते जगात सर्वांत जुने समजतात. ते पुस्तक म्हणजे आपल्या संस्कृतातील ‘वज्रच्छेदिका’ ह्या बौद्ध सूत्राचे चिनी भाषांतर होय. वांग जिये नावाच्या गृहस्थाने आईवडिलांच्या पुण्यार्थ, सर्वांस फुकट वाटण्यासाठी, ते छापविले. विचार आमचा, कागद व छपाई त्यांची, आणि हेतू लोकशिक्षणाचा! छापील अक्षरावर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांनी तरी ह्या गोष्टीपुढे मस्तक लववावे.

दुसरे पुष्प यात्रेकरूचे. जळगावाहून अजिंठा साठएक किलोमीटरांवर आहे. पाहुणे आले की त्यांस तेथे नेण्याची आमची चाल आहे. परंतु इ. स. ६४१ च्या सुमारास एक चिनी भिक्षू महाराष्ट्रात येऊन गेला व त्याने आपल्या ग्रंथात आमच्याविषयी लिहून ठेवले, हे त्या पाहुण्यांस आम्ही क्वचितच सांगतो. ह्युएन त्संग हे त्याचे नाव. त्या वेळी येथे दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते आणि उत्तरेचा हर्ष त्यास जिंकू शकला नव्हता. येथील लोक मानी व साधे आहेत, उपकार स्मरतात, अपमान विसरत नाहीत आणि सूड घ्यावयाचा तर आधी शत्रूस कळवून मग घेतात, अशा आशयाचे वर्णन त्याने केले आहे. पूर्वेकडील डोंगरातील एका भव्य विहाराविषयी व त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींविषयी त्याने लिहिले. तो विहार अजिंठ्याचाच, असे बहुतेक विद्वान मानतात. परक्याच्या डोळ्यांनी पाहिलेले महाराष्ट्राचे हे जुने चित्र एका चिनी माणसाने जपून ठेवले, ह्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. तो ६४५ साली स्वदेशी परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते, आणि पुढील आयुष्य त्याने त्यांच्या भाषांतरात घालविले. मुळात नष्ट झालेले आमचे कित्येक ग्रंथ आज केवळ चिनी भाषांतरांत जिवंत आहेत. ह्याच कारणास्तव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पु. वि. बापट ह्यांनी चिनी भाषेचा अभ्यास केला आणि १९३७ साली पाली व चिनी परंपरेतील दोन ग्रंथांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच पुष्पात चीनमधील तुनह्वांग येथील लेणी पडद्यावर दाखवावीत. ती इ. स. ३६६ पासून कोरली जाऊ लागली आणि चारशेंहून अधिक लेण्यांत तेथे चित्रे आहेत. अजिंठा व तुनह्वांग शेजारी शेजारी पाहिल्यावर जे कळेल ते तासाभराच्या शब्दांनी कळणार नाही.

तिसरे पुष्प समाजसुधारणेचे असावे, आणि ते आम्हांस सर्वांत जवळचे वाटते. चिनी मुलींचे पाय लहानपणीच घट्ट बांधून त्यांची वाढ खुंटविण्याची क्रूर चाल तेथे शतकानुशतके चालू होती. लहान पाय म्हणजे कुलीनता, आणि मोठ्या पायांच्या मुलीस स्थळ मिळणार नाही ही आईबापांची धास्ती. चाल वाईट आहे हे अनेकांस कळत होते, पण एकट्याने मोडावी तर मुलीचे लग्न अडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कांग यौवेई प्रभृती सुधारकांनी ह्यावर मोठी युक्तीची तोड काढली. त्यांनी मंडळ्या स्थापिल्या आणि सभासदांकडून दुहेरी शपथ घेतली : मुलीचे पाय बांधणार नाही, आणि पाय बांधलेली सून करणार नाही. दुसऱ्या शपथेने पहिलीची धास्ती घालविली. पुढे १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने बंदीचा हुकूम काढला. तथापि चाल मोडली ती मुख्यत्वे घरोघर मनुष्ये वळल्यामुळे. आमच्याकडे १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, १९२९ चा शारदा कायदा झाला, आणि तरीही आपल्या जिल्ह्यांत बालविवाह पूर्ण थांबले असे छातीठोकपणे कोण म्हणेल? हुंड्याचीही तीच कथा आहे. ‘हुंडा देणार नाही’ ह्या शपथेस ‘घेणार नाही’ ही शपथ जोडून शेदोनशे कुटुंबांनी एकत्र यावे, हा धडा चीनमधून घेतल्यास कोणाच्या स्वाभिमानास धक्का लागणार आहे?

ह्याच पुष्पात परीक्षांची हकीकत सांगावी. जन्म न पाहता लेखी परीक्षेने अधिकारी निवडण्याची पद्धत चीनने तेराशे वर्षे चालविली व १९०५ साली बंद केली. प्रथम ती गुणांस वाट देणारी होती; पुढे पुढे ठरावीक साच्यातील निबंध पाठ करण्यात पिढ्यांमागून पिढ्यांचे तारुण्य खर्ची पडले. आमच्या शहरांतील अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षेसाठी वर्षानुवर्षे बसलेल्या तरुणांनी व त्यांच्या पालकांनी हा इतिहास अवश्य ऐकावा.

चौथे पुष्प अफूचे. हे ऐकावयास कडू आहे, परंतु टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांनी चीनला जात असे. इंदुराकडून मुंबईस येणारी आग्रा सडक शिरपूर-धुळ्यावरूनच जाते, हे वाचकांस सांगावयास नको. १८३९ साली लिन त्सेश्यू नावाच्या चिनी अधिकाऱ्याने अफूच्या वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, त्यावरून इंग्रजांनी युद्ध पुकारले, आणि १८४२ च्या तहाने हाँगकाँग बळकाविले. त्या व्यापारात मुंबईतील थोर देणगीदार म्हणून ज्यांचे पुतळे उभे आहेत अशा घराण्यांनीही पैसा केला. राज्य इंग्रजांचे होते, नफ्याचा मोठा वाटा त्यांचा होता, हे खरे. पण माल आमच्या जमिनीत पिकला आणि आमच्याही काही हातांनी पुढे गेला, हेही खरे. दादाभाई नौरोजींनी ह्या व्यापारास पाप म्हटले. तरुण रवींद्रनाथांनी १८८१ मध्ये त्याविरुद्ध लेख लिहिला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तो बंद करण्यात आला. चीनच्या मनात परकीयांविषयी जो अविश्वास दिसतो त्याचे एक मूळ ह्या अपमानात आहे. ते जाणल्याने आजच्या चिनी सत्तेचे कोणतेही आक्रमण क्षम्य ठरत नाही. मात्र ते समजते, आणि समजलेल्या गोष्टीशी सामना करणे सोपे जाते.

पाचवे पुष्प डॉक्टर कोटणीसांचे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस हे काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या शुश्रूषेस गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. इतर परतले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले, रणांगणाजवळ शस्त्रक्रिया करीत राहिले, तेथेच क्वो छिंगलान ह्या परिचारिकेशी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. १९४६ मध्ये शांतारामबापूंनी त्यांच्यावर बोलपट काढला. जुन्या पिढीस तो आठवतो, नव्या पिढीस कोटणीसांचे नावही पुष्कळदा नवे असते. ज्यांस चीन हा शब्द उच्चारताच केवळ द्वेष सुचतो, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की चिनी लोक आजही ज्या परक्या डॉक्टरांचा आदर करतात त्यांत एक मराठी गृहस्थ आहे.

आणि ह्याच सायंकाळी दुसरी बाजूही सांगावी. १९६२ च्या युद्धानंतर भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांस, त्यांत बायका-मुले व वृद्ध होते, राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. कित्येक वर्षांनुवर्षे तेथे राहिले. त्यांच्यावर खटला झाला नव्हता. त्यांचा चेहरा हाच त्यांचा गुन्हा ठरला. एका राष्ट्राच्या सरकारवरील राग त्या वंशाच्या न्हाव्यावर, चांभारावर, दंतवैद्यावर काढला म्हणजे काय होते त्याचे हे उदाहरण आहे. अज्ञानाची ही किंमत आहे, आणि ती नेहमी निरपराध्यांस भरावी लागते.

सहावे व शेवटचे पुष्प बाजाराचे. त्यास आमचे व्यापारी बंधू खात्रीने येतील. खानदेशचा कापूस व चीन ह्यांचा संबंध जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांचे सूत गेल्या शतकाच्या पूर्वीच्या शतकात मुख्यतः चीनलाच जाई. आमच्याच डोळ्यांदेखतची गोष्ट घ्या. २०११ पासून चीनच्या सरकारने आपल्या शेतकऱ्यांचा कापूस ठरावीक भावाने साठविण्याचे धोरण धरले. तेथील गिरण्यांस बाहेरचा कापूस स्वस्त पडू लागला आणि आमची निर्यात फुगली. २०१४ मध्ये ते धोरण सोडल्यावर ती मागणी ओसरली व त्याची झळ आमच्या भावांस लागली. पेकिंगमध्ये झालेल्या निर्णयाचा परिणाम बोदवडच्या व धरणगावच्या बाजारात उमटतो, आणि तो का उमटला हे शेतकऱ्यास कोणी सांगत नाही! केळीचेही तसेच आहे. केळी पिकविण्यात भारत पहिला व चीन त्याच्या पाठोपाठ आहे. केळीबागा उद्ध्वस्त करणाऱ्या मर रोगाशी तेथील शेतकरी आमच्या आधीपासून झगडत आहेत. रावेर-यावलच्या बागाईतदारांस त्यांच्या अनुभवापासून शिकण्यासारखे असेल तर ते शत्रूचे म्हणून टाकून द्यावे काय? कँटनच्या व्यापारी जत्रेस जाऊन आलेले आमचे काही दुकानदार आहेत. ह्या पुष्पाचे वक्ते त्यांनीच व्हावे. तेथे भाव कसा ठरतो, करार कसा होतो, फसवणूक कोठे होते, हे त्यांनी आपल्या शब्दांत, अहिराणीत सांगितले तरी चालेल. सरहद्दीचा प्रश्नही ह्याच सायंकाळी नकाशा टांगून, न भिता व न ओरडता, मांडावा.

आता व्यवस्थेविषयी चार शब्द. पहिली गोष्ट, ह्या उपक्रमाची जत्रा होऊ देऊ नये. कागदी कंदील टांगून व नूडल्सचे ताट वाढून संस्कृती समजत नाही. दुसरी, सत्काराची भरताड कमी करावी. दीड तासाच्या कार्यक्रमात पाऊण तास शाल-श्रीफळ, प्रास्ताविक व आभार ह्यांत जातो आणि वक्त्यास घड्याळ दाखविले जाते, हा प्रकार आमच्या व्यासपीठांचा जुना रोग आहे. तिसरी, व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांस राखून ठेवावा आणि कठोर प्रश्नास बंदी नसावी. चौथी, वेळ अशी ठेवावी की स्त्रियांस घरचे काम आटोपून येता यावे व परगावच्या विद्यार्थ्यांस शेवटची बस मिळावी. प्रवेश विनामूल्य असावा. खर्च फार नाही. वक्त्याचा प्रवास, सभागृह व एक पडदा. एखाद्या पेढीने एक पुष्प आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ पत्करावे. वांग जिये ह्याने अकराशे वर्षांपूर्वी ह्याहून वेगळे काय केले?

खानदेशास हे झेपेल काय, अशी शंका कोणी घेऊ नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ते पुस्तक पुढे कितीतरी भाषांत गेले. त्या श्रोत्यांस सभागृह नव्हते, ध्वनिक्षेपक नव्हता. अमळनेरास १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिराची परंपरा आहे. कन्फ्यूशियस व लाओत्से ह्यांचे विचार सांगण्यास त्याहून योग्य गाव कोणते? धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे धुंडाळली, ती अस्सल कागद पाहिल्यावाचून मत बनवू नये म्हणून. त्यांचा हा दंडक केवळ मराठ्यांच्या इतिहासापुरता नव्हे. शेजारी राष्ट्राविषयी बोलतानाही तो पाळला पाहिजे.

राष्ट्राचे रक्षण सरहद्दीवर सैनिक करतो. मागे राहिलेल्या नागरिकाचे कर्तव्य घोषणा दिल्याने संपत नाही. ज्याच्याशी झुंजावे लागेल, ज्याच्याशी व्यापार करावा लागेल आणि ज्याच्या शेजारी कायमचे राहावे लागेल, त्यास नीट ओळखणे हेही त्याचे कर्तव्य आहे. हिमालय जागचा हलणार नाही, आणि त्याच्या पलीकडचा देशही हलणार नाही. तेव्हा जळगाव व धुळे येथील मंडळांच्या चालकांनी येत्या सभेत हा विषय ठेवावा, दोन्ही शहरांनी वक्ते वाटून घ्यावेत म्हणजे प्रवासखर्चही वाचेल, आणि निदान पहिले पुष्प तरी ह्याच हंगामात गुंफावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे. श्रोते येतील की नाही ह्याची काळजी त्यांनी करू नये. जो बाजार रोज चीनचे नाव घेतो, तो एक सायंकाळ चीनविषयी ऐकावयास खचित येईल.